कानावर चाललेली शाळा

ज्योत्स्नाच्या घरी कधीही जा, आधी तिची पाठ दिसायची. मागच्या छपरीत पूर्वेच्या भिंतीला लागून चूल, चुलीपुढे ती, आणि तिच्या मागे उंबऱ्याजवळ सतरंजीवर तिची दोन पोरं पुस्तकं घेऊन बसलेली. साक्षी तिसरीत, राजानंद पहिलीत. मी त्यांच्या शाळेतली बाई. आमचं गाव अंबड रोडवरचं, जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, आणि ते वर्ष दोन हजार वीस. जूनमध्ये राजाचं नाव मी हजेरीत लिहिलं, पण शाळेला कुलूप होतं. पोरगं पहिलीत गेलं म्हणजे फक्त माझ्या वहीत गेलं.

वरून आदेश आला की शाळा बंद आहे, पण शिक्षण सुरू आहे. कोणी सुरू ठेवायचं, ते काही आदेशात लिहिलं नव्हतं. ते आयांनी ठेवलं, हे मी आज छातीठोकपणे सांगते. माझ्याकडे पहिली-दुसरीची तेवीस मुलं. त्यातल्या नऊ घरांत मोठा फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर. मी रोज लिंक पाठवायची आणि रोज संध्याकाळी किती मुलांनी लिंक उघडली ते तक्त्यात भरून द्यायची. तो तक्ता कोणी वाचत होतं का, याची मला आजही शंका आहे.

ज्योत्स्नाचा नवरा संघपाल जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. सकाळी सातला मोटरसायकलवर निघायचा तो रात्री आठला परत. घरात सासू गिरिजाबाई, दोन्ही गुडघे गेलेल्या, उठवायला-बसवायला माणूस लागायचं. नळाला पाणी चार दिवसांनी. दोन शेळ्या. गॅस होता, पण सिलिंडर पाहुण्यारावळ्यांसाठी जपून ठेवलेला, भाकरी चुलीवरच. त्यात या दोन पोरांची शाळा घरात येऊन बसली. ज्योत्स्ना स्वतः दहावीला गणितात राहिली आणि मग लग्न झालं. तरी तिनं पोरांना मोकाट सोडलं नाही.

तिची एक रीत होती. हात कामात, कान पोरांत. दोघांनी मोठ्यानं वाचायचं, मोठ्यानं पाढे म्हणायचे. आवाज थांबला की ती मान न वळवता ओरडायची, "आवाज!" लगेच दोन्ही गळे सुरू व्हायचे. भांडी घासताना, शेळ्यांना पाला टाकताना, सासूच्या पायाला तेल चोळताना तिची शाळा चालू असायची. एकदा मी तिथं असताना साक्षी म्हणाली, "सात आठे चोपन्न." भाकरी थापणारा हात थांबला नाही. "छप्पन," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आन् पुन्हा पयल्यापासून." मी थक्क झाले. माझ्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून दोन डोळ्यांनी मला जे जमत नाही, ते ही पाठमोरी बसून करत होती.

शुक्रवारी संघपालच्या कारखान्याला सुट्टी, म्हणजे फोन घरात. त्या दिवशी मी फोन करून पोरांचं वाचन ऐकायची. राजा तर फाडफाड वाचायचा. पहिलीच्या पुस्तकातला बाजाराचा पाठ त्यानं एका दमात वाचून दाखवला, तो मी फोनवर रेकॉर्ड केला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "घरी अभ्यास कसा घ्यावा हे राजानंदच्या आईकडून शिका." हेडमास्तरांनी तो पुढे केंद्रप्रमुखांना पाठवला. त्यांनी शाबासकीचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मी तक्त्यात राजापुढे "वाचन उत्तम" असं लिहून टाकलं.

गल्लीतल्या बायांना ते काही रुचलं नाही. शेजारची अर्पिता मला रस्त्यात गाठून म्हणाली, "मॅडम, आमाला दोनच हात हायेत. ज्योत्स्नाला चार असतील तर तिचं तिला लखलाभ." मला हसू आलं. पण ती रागानंच बोलली होती, आणि तिचं बिलकुल चुकलं नव्हतं.

दुसरं वर्षही असंच गेलं. साक्षी चौथीत आली, राजा दुसरीत. शाळा अजून बंदच. त्या ऑगस्टमध्ये संघपालचा मोठा भाऊ धम्मपाल जालन्याहून आला. त्याची मुलं तिथं खासगी शाळेत, सकाळ-संध्याकाळ शिकवणी. तो म्हणाला, "शाळा उघडली की राजाला माझ्याकडं धाडून दे. खेड्यात पोरगं वाया जाईन." भाऊ काही वाईट बोलला नव्हता. पण आठ वर्षांचंही नसलेलं पोर दुसऱ्याच्या घरी पाठवायचं, हे ज्योत्स्नाला पटेना. तिनं नवऱ्याला एवढंच म्हटलं, "आधी त्याचं वाचन ऐका, मंग ठरवा."

संघपालनं ऐकलं. राजानं बाजाराचा पाठ कुठंही न अडखळता ऐकवला. संघपाल खूश झाला. भावाला म्हणाला, "दादा, घरी बराबर चाललंय. शाळा उघडायच्या टायमाला मी आणखी एकदा ऐकतो. असाच वाचत असंल तर राहील इथंच. अडखळला तर तू घेऊन जा."

हे सगळं ज्योत्स्नानंच मला सांगितलं, आणि सांगताना ती पहिल्यांदा जरा ताठ बसली होती. "मॅडम," ती म्हणाली, "ह्या घरातलं सगळं काम आत्याबाईनं आधी केलेलं हाय, मी नुसतं पुढं चालवून राह्यले. पोराला वाचाया शिकवलं, हे मातर माझं एकटीचं."

सप्टेंबरच्या शेवटाला आम्हाला आदेश आला की घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासा. वरातीमागून घोडं. सोयाबीन काढणीला आलं होतं, सगळी माणसं शेतात, तरी मी वही घेऊन फिरत होते. ज्योत्स्नाकडे गेले तेव्हा ती नेहमीसारखी भाकरी करत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "बसा मॅडम, राजा वाचून दाखवील."

मी सतरंजीवर राजाच्या शेजारी टेकले. त्यानं पहिलीचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बाजाराचा पाठ सुरू केला. स्पष्ट आवाज, बरोबर थांबे, अगदी माझ्या रेकॉर्डिंगसारखा. माझं लक्ष सहज पुस्तकाकडे गेलं. उघडलेल्या पानावर विहिरीचं चित्र होतं. मी हात घालून पान उलटलं. राजा बाजाराचाच पाठ वाचत राहिला. आणखी चार पानं उलटली. त्याच्या बाजारात आता भाजीवाली आली होती आणि पानावर कविता होती.

मी पुस्तक काढून घेतलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

तो गप्प. दुसऱ्या शब्दावर ठेवलं. गप्प. मग नुसत्या "म"वर बोट ठेवलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. साक्षीनं मान खाली घातली.

"आवाज!" चुलीकडून हाक आली.

साक्षीला सगळं माहीत होतं. आधी ती वाचायची, तो मागून म्हणायचा. दोनदा ऐकलं की त्याला पाठ व्हायचं. पुस्तकाची सगळी पानं त्यानं अशी कानानं गिळली होती. मी तिला हळूच विचारलं, "मम्मीला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "मम्मी लई थकलेली असायची. आवाज यायला लागला की तिला बरं वाटायचं."

मला राग आला. खरं सांगायचं तर माझाच आला. ज्योत्स्नाचे हात पिठात होते, तिनं कानानं ऐकलं हे समजण्यासारखं आहे. मी काय करत होते? मीही फोन कानाला लावूनच बसले होते. पंधरा महिन्यांत त्या पोराचं बोट अक्षरावर आहे का, हे एकाही माणसानं पाहिलं नव्हतं, आणि मी तर पगारी माणूस. पण राग स्वतःचा असला तरी निघतो दुसऱ्यावर. मी तिथूनच बोलून गेले, "ज्योत्स्ना, याला एक अक्षर वाचता येत नाही. सगळं तोंडपाठ आहे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती काढून टोपल्यात ठेवली. मग वळली. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

"मंग इतके दिवस मी काय ऐकत व्हते?" ती म्हणाली.

मी वहीत काहीतरी खरडलं आणि निघाले. बोलायची एक रीत असते, ती मी त्या दिवशी सोडली, त्याची लाज मला अजून वाटते.

चार दिवसांनी पुन्हा गेले तर छपरीत मातीचा चिखल झालेला. ज्योत्स्नानं चूल फोडली होती. गिरिजाबाई खाटेवरून बोलत होत्या. चुलीचं तोंड फिरवायचं नसतं, भाकरी करणारीनं उगवतीकडं तोंड करूनच बसायचं असतं, त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलं होतं.

"आत्याबाई," ज्योत्स्ना माती तुडवत म्हणाली, "छप्पन साली घरातला देव्हारा काढला आपल्या माणसांनी. मंग चुलीच्या तोंडालाच काय धरून बसायचं?"

"देव्हारा काढाया एक दिस लागला," गिरिजाबाई म्हणाल्या. "चूल वाळाया आठ दिस लागतेत. तवर काय खायचं?"

"गॅस हाय."

"मंग एवढे दिस कुणासाठी झाकून ठेवल्ता?" म्हातारी बोलली, आणि पुढं, "त्यात भुसा घाल जरा, न्हाई तर तडकंल," असंही बोलली. विरोध तिथंच संपला.

नवी चूल झाली ती बसणारीचं तोंड दाराकडे होईल अशी. आता ज्योत्स्ना भाकरी थापताना पोरं समोर. तुम्हाला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. कसला सुटतोय. धूर जायचं भोक पूर्वेच्या भिंतीत राहिलं आणि सगळा धूर घरात यायला लागला. आणि जे पाठीमागे चालायचं ते आता तिच्या डोळ्यांपुढे चालायला लागलं. राजा सतरंजीचे धागे उपसतोय. साक्षी एका हातानं स्वतःचं गणित करतेय, दुसऱ्या हातानं त्याचं. शेळी ओरडली की चारही डोळे बाहेर. आधी पोरांचा आवाज आला की तिचा जीव थंड व्हायचा. आता एकेक गोष्ट दिसायची आणि प्रत्येक गोष्टीसाठी हात थांबवावा लागायचा. कान कामाच्या आड येत नाहीत, डोळे येतात. एका भाकरीकडे बघावं तर पोरगं निसटतं, पोराकडे बघावं तर भाकरी करपते. त्या महिन्यात घरानं करपलेल्या भाकरी किती खाल्ल्या असतील, तेच जाणोत.

अक्षरं तिनं पिठात काढून शिकवली. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं, बोटानं "म" काढायचा, राजानं ओळखायचा, मग त्यावर पाणी ओतून मळायचं. एका भाकरीला एक शब्द. कधी तो ओरडायचा, "थांब मम्मी, मळू नको, माझं वाचून झालं न्हाई!" आणि ती परातीवर हात धरून थांबायची. चुलीत लाकूड जळत असायचं, तवा तापून लाल, खाटेवरून म्हातारी पाणी मागतेय, आणि ही थांबलेली. मी ते बघितलं की माझेच पाय दुखायचे. दुपारी ती भिंतीला टेकली की बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि राजा तिला हलवून विचारायचा, "ह्ये काय हाय?"

संघपालला तिनं काही सांगितलं नव्हतं. तो रात्री यायचा, जेवायचा, झोपायचा. चूल का फिरली, हेही त्यानं विचारलं नाही. धुराबद्दल मात्र दोनदा बोलला.

नोव्हेंबरात बातमी आली, एक डिसेंबरपासून पहिली ते चौथी सुरू. पालकांची संमतीपत्रं गोळा करायची होती. राजा तोवर वाचायला लागला होता, पण कसा? एकेका अक्षरावर अडत, मागे येत, पुन्हा सुरू करत. दोन ओळींना पाच मिनिटं. ऐकणाऱ्याला वाटावं, हे पोर पहिल्यापेक्षा मागं पडलं. आणि संघपालची अट तर न अडखळण्याची होती.

आता मी जे केलं ते सांगते. शिक्षिका म्हणून सांगायला नको, पण सांगते. मी ज्योत्स्नाला बाजूला घेऊन म्हटलं, "त्याला तो बाजाराचा पाठच काढून दे. अजून तोंडपाठ आहे त्याला. एकदा त्याच्या पप्पांचं समाधान झालं की मग आपण शाळेत करून घेऊ." ती माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शुक्रवारी मी संमतीपत्र घेऊन गेले तेव्हा संघपाल खाटेच्या कडेला बसला होता. अंघोळ झाली होती, तरी हातांच्या रेघांत लोखंडाची काळी भुकटी होतीच. पत्रावर सही करता करता तो म्हणाला, "बरं झालं मॅडम आल्या. दादाचा सकाळीच फोन आल्ता, काय ठरलं म्हणून. राजा, आण पुस्तक. वाच काय तरी."

राजा दोन्ही पुस्तकं घेऊन आला, पहिलीचं आणि दुसरीचं. वडिलांच्या पुढे बसला. मग चुलीकडे बघून त्यानं अगदी सरळ विचारलं, "मम्मी, म्हणून दाखवू का वाचून?"

संघपालला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. ज्योत्स्नाच्या हातात पिठाचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला, उठली, पोराजवळ आली. दुसरीचं पुस्तक घेऊन मागचं, अजून न शिकवलेलं एक पान काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

राजानं बोट ठेवलं. "गा... वा... गावा... बा... हेर. गावाबाहेर. चिं... चिंचे... चे. मो... मोठे."

संघपालचा चेहरा उतरत गेला. पहिली ओळ संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "ह्ये काय गं? हा तर मागं गेला. ऑगस्टात कसा फाडफाड वाचत व्हता. मंग दादाचं काय चुकलं?"

"ते वाचन नव्हतं," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "ते साक्षीचं ऐकून पाठ केल्तं त्यानं. मी पाठ फिरवून बसले व्हते, मी ऐकलं. मॅडमनं फोनवर ऐकलं. तुमी खाटंवर डोळे मिटून ऐकलं. दीड वरीस पोराकडं कुणी बघितलंच न्हाई. न्यायचं असंल तर न्या त्याला जालन्याला. पर आधी एकदा त्याच्या बोटाकडं बघा."

राजाला वाटलं आपलं काही चुकलं. संघपालनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुस्तकावर वाकला. "वाच," तो म्हणाला.

"झा... झाडा... खाली. एक. म्हा... म्हातारा..." राजा पुढं गेला आणि थांबला. कोणी काही बोललं नव्हतं. बोट मागं आलं. "न्हाई. म्हातारी. म्हातारी बस... ली. बसली होती."

त्यानं स्वतःचं स्वतः दुरुस्त केलं होतं. तेवीस मुलांत असं करणारी त्या दिवशी माझ्याकडे चारही नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, पण संघपालनं हातानं मला थांबवलं. तो बोटाकडे बघत होता. पान संपायला पाव तास लागला असेल. तो एकदाही मागे टेकला नाही.

पान संपल्यावर तो म्हणाला, "न्हाई, दादाच्या घरी एवढा वेळ कोण बसंल ह्याच्यापाशी? ऱ्हाऊ दे इथंच."

मला वाटलं आता ज्योत्स्ना रडेल किंवा हसेल. तिनं दोन्ही केलं नाही. परातीपुढे जाऊन बसली, सुकलेला गोळा पाण्याच्या हातानं पुन्हा मळायला घेतला, आणि म्हणाली, "इथं ऱ्हाईल. पर उद्यापासून सकाळचा अर्धा तास तुमी बसायचं त्याच्यापाशी. असंच समोर. कामाला जायच्या आधी."

"मी?" संघपाल म्हणाला. "बारा बारा तास उभं ऱ्हावं लागतंय मला तिथं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बी दमले."

दीड वर्ष मी दर आठवड्याला त्या घरी फोन केला, पोरं कशी आहेत विचारलं, आणि तिला एकदाही काही विचारलं नाही. ती हे वाक्य बोलली तेव्हा मला संमतीपत्राच्या कागदाकडे बघत बसावं लागलं.

संघपालनं साक्षीला जवळ बोलावून विचारलं, "पोरांनो, सकाळी कवा उठता तुमी?"

"आमी सहाला," साक्षी म्हणाली. "मम्मी चारला."